ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमध्ये जाम झालाय? जोर लावण्याआधी हे वाचा

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावून सांगतो, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. नवा सेन्सर मागवला जातो, पण जुना काही केल्या फिरत नाही. मग पान्याला लांब पाइप लावला जातो, दोघं मिळून जोर देतात आणि एकदाचा सेन्सर निघतो. फक्त येताना तो भोकातले आटेही सोबत घेऊन आलेला असतो.

इथून खर्चाचं गणित बदलतं. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांमध्ये इंजिनजवळचा मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा एकच जोडलेला भाग असतो आणि पहिला सेन्सर त्यावरच बसवलेला असतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. म्हणजे आटे गेले आणि दुरुस्ती जमली नाही, तर हा अख्खा भाग बदलण्याची वेळ येऊ शकते. जुना सेन्सर तर टाकूनच द्यायचा असतो. वाचवायचं असतं ते भोक.

हा सेन्सर नेमकं करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, हे तो मोजतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. 'लॅम्डा सेन्सर' हे त्याचंच दुसरं नाव. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये बाजारात आणला. साधारणपणे एक सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर असतो. सीएनजीवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांनाही तो असतोच.

सेन्सर काढायला घेण्याआधी एक गोष्ट तपासा. स्कॅनरवर सेन्सरशी संबंधित कोड आला म्हणजे सेन्सरच खराब, असं नसतं. पी०१३५ हा कोड सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचा आहे, त्यामागे उडालेला फ्यूज किंवा तुटलेली वायरही असू शकते. पी०४२० तर कन्व्हर्टरच्या कामगिरीबद्दल आहे. सायलेन्सर गळत असेल तरी सेन्सर चुकीचं माप देतो. चांगला सेन्सर काढताना आटे घालवणं, यासारखा वैताग नाही.

तो इतका घट्ट का बसतो?

सेन्सर बसतो ती जागा गाडी चालताना काहीशे अंशांपर्यंत तापते आणि गाडी थांबली की गार होते. वर्षानुवर्षं हे चालतं. त्यात पावसाचं पाणी, खालून उडणारा चिखल, आतला ओलावा. आट्यांमध्ये गंज चढतो आणि सेन्सर व सायलेन्सरचे धातू एकमेकांना धरून बसतात. कोकणात किंवा समुद्राकाठच्या शहरांत गाडी असेल तर खारी हवा यात भर घालते. मागचा, म्हणजे गाडीखालचा सेन्सर बऱ्याचदा जास्त त्रास देतो, कारण पाणी-चिखल थेट त्याच्यावर उडतो.

मग काढायचा कसा?

आदल्या रात्री आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तेही सायलेन्सर गार असताना. तेल आत झिरपायला वेळ लागतो, पाच मिनिटांत चमत्कार होत नाही. सकाळी पुन्हा मारलंत तर ते सुकू द्या किंवा पुसून घ्या, आणि मगच इंजिन सुरू करा.

आता इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा. सायलेन्सर कोमट-गरम हवा, लालबुंद नको. जनरल मोटर्सच्या दुरुस्ती-पुस्तिकांमध्ये तर स्पष्ट इशारा असतो की तापमान ४८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर सेन्सर काढणं अवघड जाऊ शकतं आणि जास्त जोर लावल्यास आटे खराब होऊ शकतात. जाड हातमोजे घाला. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

बहुतेक गाड्यांच्या सेन्सरला २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर जाण्यासाठी फट असलेलं खास सॉकेट मिळतं, पण जाम सेन्सरवर जोर दिला की ती फट रुंदावते आणि सॉकेट सटकतं. सेन्सर बदलायचाच आहे ना? मग बॅटरीची वायर काढून सेन्सरची वायर कापून टाका आणि सहा कोनांचं साधं खोल सॉकेट पूर्ण बसवा. साधी युक्ती आहे, पण जीव वाचवते.

सेन्सर हलला की घाई करू नका. पाव फेरा सैल करा, पुन्हा थोडा आवळा, तेल मारा, परत सैल करा. यामुळे गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडतो. फिरताना किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा अचानक जड झाला, तर तिथेच थांबून मागे न्या. तसाच ओढत राहिलात तर आटे कापले जातात.

एवढं करूनही हलत नसेल, तर पुढचा उपाय घरचा नाही. गॅरेजमध्ये गॅसच्या ज्योतीने सेन्सर नव्हे, तर त्याच्याभोवतीची कडी तापवतात. कडी प्रसरण पावते आणि पकड सुटते. जवळ पेट्रोलची नळी, ब्रेकचे पाइप, रबर आणि आदल्या रात्रीचं तेल असतं, म्हणून हे काम सवयीच्या हातांचं. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर तर ज्योत अजिबात नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त रसायनं असतात आणि ती तापली की विषारी वायू तयार होतो.

आटे गेलेच तर?

थोडे दुखावले असतील तर एम१८ × १.५ मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून साफ होतात. बहुतेक सेन्सरचं माप हेच असतं. पूर्ण गेले असतील तर आत नवे आटे असलेली बुश बसवतात किंवा जुनी कडी कापून नवी वेल्ड करतात. मॅनिफोल्ड बिडाचा असेल तर वेल्डिंग कठीण होतं, हे आधी विचारून घ्या.

नवा सेन्सर आधी हाताने फिरवून बसवा. बऱ्याच सेन्सरच्या आट्यांना जाम न होण्याची पेस्ट कंपनीतूनच लावलेली असते, तेव्हा वर आणखी थापू नका. नसेल तर अगदी थोडी लावा, पण टोकावरच्या छिद्रांना लागू देऊ नका. सिलिकॉनचा स्प्रे किंवा सीलंटही दूर ठेवा, त्याने सेन्सर निकामी होतो. आवळताना साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. वायर गरम पाइपला टेकत नाही ना, तेवढं बघा आणि स्कॅनरने कोड पुसून गाडी फिरवून आणा.