'जोशी'पासून सांबापर्यंत

५ जानेवारी उजाडला की संगणक अडून बसायचा. 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय हलायचा नाही. १९९० साली भारतात सापडलेला हा 'जोशी' व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडायचा. ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवरून मशीन चालू झालं, की हार्ड डिस्कवर मुक्काम. हे जोशी नेमके कोणते, हा पुण्यात तरी न संपणारा प्रश्न!

कैलास काटकर तेव्हा पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे संगणकही आले. दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा व्हायरस घेऊन परत यायचं. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये डॉससाठी 'क्विक हील' बाजारात आलं. लिनक्सची आवृत्ती पुढची.

ती लागली सांबामुळे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास कॅनबेरात लिहिलेल्या या प्रोग्रॅममुळे नेटवर्कवरून फाइली पुरवणारं लिनक्सचं मशीन विंडोजवाल्यांना आपल्यातलंच वाटू लागलं. विंडोज सर्व्हरचा परवाना जड जाणाऱ्या कचेऱ्यांची सोय झाली. कोपऱ्यात एक लिनक्सचा डबा, आणि सगळ्यांच्या पडद्यावर 'झेड ड्राइव्ह'.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' ही फुशारकी इथे तोकडी पडते. विंडोजची बाधित फाइल सर्व्हरला काही करत नाही, पण तो ती जपून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. म्हणजे सर्व्हरवरचा अँटिव्हायरस मुख्यतः इतरांसाठी. फाइल उघडतानाच तपासायची, तर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हात घालावा लागे. 'डॅझुको' मॉड्यूल ते करायचं, पण कर्नल बदललं की त्याचीही डागडुजी आली. २०११ च्या २.६.३७ कर्नलपासून त्यातच 'फॅनोटिफाय' ही सोय हाताशी आली. २०१८ च्या सांबा ४.८ मध्ये 'व्हायरसफिल्टर' मॉड्यूल आलं. फाइल उघडताना किंवा बंद होताना ते क्लॅमएव्हीसारख्या स्कॅनरला विचारतं.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने मात्र या पहाऱ्यालाच बगल दिली. तो प्रोग्रॅम चालतो अकाउंट्स विभागातल्या विंडोजवर. सर्व्हरपर्यंत पोचतात त्या तिथल्याच लॉगिनने लिहिलेल्या, कुलूपबंद फाइली. त्यांत व्हायरस नसतोच, स्कॅनर काय पकडणार? तिथे उपयोगी पडतात ते सर्व्हरवर ठरावीक वेळाने घेतलेले स्नॅपशॉट. सांबाचं 'शॅडो कॉपी' मॉड्यूल ते विंडोजला दाखवतं: फाइलवर राइट क्लिक, 'प्रीव्हियस व्हर्जन्स', आणि दुपारी चारची खतावणी परत.