थंडी, कुत्री आणि १८३२ चा दंगा

मुंबईत थंडी पडते असं पुण्या-नाशिकच्या माणसासमोर म्हणून बघा. मंडळी पोट धरून हसतात! त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. कुलाब्याच्या वेधशाळेचा थंडीचा विक्रम आहे ११.७ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. सांताक्रूझला त्याच दिवशी ७.४. एरवी पारा सोळा-सतरावर आला की आमचे ट्रेनमधले दोस्त माकडटोप्या चढवतात. तर अशा शहरात रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडीपासून जपायचं, हा काय विषय झाला?

विषय आहे, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच दडलंय. ‘भादव्यातलं कुत्रं’ हा शब्दप्रयोग आपण शिवीसारखा वापरतो, पण त्यात चक्क जीवशास्त्र आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विणीचा मुख्य हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवस. भाद्रपदात दोन महिने मिळवा, उत्तर येतं कार्तिक-मार्गशीर्ष. म्हणजे पिल्लं जन्मतात ती नेमकी थंडीच्या तोंडावर. नवजात पिल्लाला पहिले दोनेक आठवडे अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही, त्याला धड कुडकुडताही येत नाही. आई अन्नासाठी उठून गेली आणि खालची फरशी ओली असली, तर मुंबईची ‘हास्यास्पद’ थंडीसुद्धा पुरते.

उपाय रॉकेट सायन्स नाही. आडोशाला एखादं कोरडं गोणपाट, जमिनीपासून थोडं वर. ओलं झालं की बदलायचं. पण गोणपाट टाकायचं कुठे, आणि टाकू कोण देणार? इथून खरी भानगड सुरू होते. आणि ही भानगड या शहरात १९० वर्षांहून जुनी आहे.

तर झालं असं. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने कंपनी सरकारने (आपली नव्हे, ईस्ट इंडिया!) १८१३ पासून उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा नियम केला होता. १८३२ साली ही मोहीम जास्त जोरात चालली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. इन्सेंटिव्ह चुकीचा लावला की काय होतं हे ज्यांनी टार्गेटवर काम केलंय त्यांना सांगायला नको. पकडणारे लोक घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही उचलायला लागले.

६ जून १८३२ हा पारशी लोकांचा सणाचा दिवस. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी लागते, त्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. अशा दिवशी कुत्री मारणारे पोलीस दिसल्यावर फोर्टात जमाव त्यांच्या अंगावर गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडवली गेली, तेव्हा साहेब हबकला आणि लष्कर बोलावलं गेलं. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. पण जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या शेठ मंडळींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत असा विचार पुढे आला.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, हेच जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. आज तिथे आपल्याला गाई दिसतात, पण सुरुवातीला मुख्य चिंता होती ती मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांची आणि डुकरांची. गिरगावातून चालत जाण्याएवढ्या अंतरावर हा इतिहास आहे, आणि आपण तिथून भाजी घेऊन परत येतो!

पुढची पायरी परळला. १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. मग गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. तिथेच १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. परळ म्हटलं की केईएम आणि टाटा हॉस्पिटल आठवतं, पण बैलघोडा हॉस्पिटल त्या दोन्हींपेक्षा जुनं.

म्हणजे १८३२ नंतर सगळं सुधारलं का? मुळीच नाही. मारणं पुढेही चालूच राहिलं. १९९० च्या दशकापर्यंत महापालिका मोकाट कुत्र्यांना विजेचा शॉक देऊन मारत असे. आणि कुत्री संपली नाहीत. कचरा आहे तोवर रिकाम्या जागेत नवीन कुत्री येतात, उरलेली पुन्हा वितात. शेकडो वर्षं चालवलेला पॅच, आणि बग जागच्या जागी. शेवटी निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या आणि कुत्रं होतं त्याच भागात सोडा, हा मार्ग २००१ च्या केंद्रीय नियमांत आला. ते नियम २०२३ मध्ये नव्याने आले. २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५ हजारांवर भटकी कुत्री भरली होती.

२०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवारागृहात ठेवायला सांगितलं, मग ११ दिवसांत त्यात बदल केला: लस-नसबंदी करून परत सोडा, आणि खायला घालायला ठरावीक जागा करा. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं, बस डेपो इथली कुत्री हलवायचा आदेश आला. नीट बघा, पर्याय तेच तीन आहेत: मारा, कोंडा किंवा जागेवर सांभाळा. १८३२ मध्येही हेच होते.

चावा घेतलेल्या पोराच्या आईचा राग खोटा नाही. रेबीज एकदा उमटला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण म्हणूनच लस टोचलेलं, ओळखीचं कुत्रं आपल्या गल्लीत टिकणं हा माणसांचाही फायदा आहे. आणि ते टिकायला निवारा लागतो. लालबाग-परळच्या चाळीत तो फुकट मिळायचा: जिन्याखाली, ओट्याच्या आडोशाला, रात्रपाळीच्या शेकोटीच्या राखेत. चाळींचे टॉवर झाले, गेट आलं, जिन्याखालची जागा गेली. कुत्रं मात्र तिथेच राहिलं, फक्त गेटबाहेर.

टॉवरवाल्यांना जमणार नाही म्हणता? फोर्टातल्या बॉम्बे हाउसने २०१८ च्या नूतनीकरणात तळमजल्यावर भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली ठेवली. टाटांचं मुख्यालय ते! १८३२ मध्ये ज्या फोर्टात दंगा पेटला, तिथेच.

आपल्याला खोली बांधायची नाहीये. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक कोपरा मागायचा, मुलांच्या येण्याजाण्यापासून दूर. तिथे गोणपाट आणि पाणी. पहाटे प्रवेशद्वार धुताना झोपलेल्या कुत्र्यावर पाणी मारू नका असं वॉचमनला सांगायचं. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं, कारण इंजिनाच्या उबेला पिल्लं झोपतात. स्वेटर वगैरे घालू नका, तो भिजला की जास्त गारठा. आणि पिल्लं जरा मोठी झाली की लस, मग नसबंदी, म्हणजे पुढच्या भादव्यात गणित पुन्हा मांडावं लागणार नाही.

मीटिंगमध्ये आवाज चढतील, हे नक्की. चढू देत. या शहराने या प्रश्नावर याहून मोठे आवाज ऐकलेत, आणि त्यातूनच पांजरापोळ उभा राहिलाय.