वहीत नसलेल्या माणसांची हकिकत



शताब्दीचं काम हाती घेतलं तेव्हा आम्हाला वाटलं, जुन्या वह्या काढायच्या नि उतरवून घ्यायच्या, झाला दिंडीचा इतिहास. वह्या निघाल्या. काही वाळवीनं खाल्लेल्या. वाचता आल्या त्यांत पंगतीचं धान्य, बैलगाडीचं भाडं, वर्गणी, सगळं पैपैशासकट. वीणेकरी, पखवाजी नावानिशी. पण डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या बाया? 'अमक्याची आई', 'तमक्याचं कुटुंब', बस्स.

नावं जपायची रीत आपल्याकडं जुनीच. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वहीत गाव-आडनाव सांगितलं की पणजोबा सापडतो. पण तो जगला कसा, हे तिथं नसतं. ते संतांनी सांगितलं. दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, हे तुकोबांनीच आपल्या अभंगात सांगून ठेवलंय.

आणि त्यांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर. तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात जयराम स्वामींचं कीर्तन ऐकलं, तुकोबांचा ध्यास लागला, नि त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. 1700 साली देह ठेवण्याआधी त्यांनी मुलगा विठोबा याला आपले मागचे बारा जन्म सांगितले. या जन्माची हकिकत त्यांच्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत आहे. त्यात मारही आहे, लपवलेला नाही. तीनशे वर्षांमागच्या एका बाईचं घरातलं जगणं आपल्याला कळतं, ते तिनं स्वतः सांगितलं म्हणून.

आता आपल्या गावचं. भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि तिकडून यवत-वरवंडवरून तुकोबांची पालखी जाते. 2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्या आषाढात घरी अडकलेल्या एका आजीला नातवानं बोलतं केलं आणि मोबाइलवर आवाज धरला. आम्ही म्हणत होतो, करोना सरू दे, मग निवांत बसून लिहून घेऊ. आजी त्याआधीच गेल्या. चूक आमची. राहिलं ते नातवानं धरलेलं तेवढंच.

त्यात त्या 1973 च्या वारीचं सांगतात. दुष्काळ होता, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची. "रातीला मिलोच्या भाकरी थापून ठिवल्या. पहाटं तुळस घेतली नि व्हडीत बसले. मालकाला सांगितलंच नाय. परत आल्यावर मारलं. पर दुसऱ्या साली तेच म्हनले, जा."

हे छापायचं म्हटल्यावर लेक म्हणाला, बापाची अब्रू जाईल. आम्हालाही दोन रात्री झोप नव्हती. मग त्याला बहिणाबाईंची गोष्ट सांगितली. तो गप बसला. आठवड्यानं येऊन म्हणाला, "छापा. पर नाव शेजारी नको." त्याचं ऐकलं. 'दुसऱ्या साली तेच म्हनले, जा' हे आम्ही मुद्दाम गाळलं नाही, कारण बापाची बाजूही आजीनंच सांगितली होती.

आजीचं नाव या अंकाच्या शेवटी तुळशीवाल्या बायांच्या यादीत आहे, माहेरच्या आडनावासकट. त्या यादीत काही ओळी अजून 'अमक्याची आई' एवढ्याच आहेत. कुणाला नाव आठवत असेल, तर एकादशीच्या भजनाला येताना सांगावं. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यालाही घेऊन यावं.