शाळा सुटली म्हणून बाप सुटतो काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक बाई कोर्टाचा कागद घेऊन घरी आली. वस्तीतला पहिला पदवीधर मी, म्हणून असे कागद माझ्याकडे येतात. वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने लिहून दिले होते : मुलगा पंधरा वर्षांचा आहे, नववीतून शाळा सोडून गॅरेजात कामाला जातो, सबब त्याची पोटगी बंद व्हावी. बाईने विचारले, "भाऊ, पोराची शाळा सुटली म्हणून बापबी सुटला का?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात शोधले पाहिजे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ ने ऐपतदार बापावर स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाच्या पोटगीची जबाबदारी टाकली. मग ते मूल औरस असो वा अनौरस. त्यात वयाची अट नव्हती, शाळेचीही नव्हती. पण मुलाचा हक्क हा त्यामागचा विचार नव्हताच. टाकून दिलेली बायकापोरे रस्त्यावर येऊ नयेत, एवढीच राज्यकर्त्यांची चिंता होती.

वयाची रेघ १९७३ च्या संहितेने ओढली. कलम १२५ नुसार अठरा वर्षांखालील मूल पोटगीस पात्र ठरले; शारीरिक वा मानसिक अपंगत्व असल्यास त्यानंतरही. मात्र 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' हे जुने शब्द तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १४४ मध्येही ते आहेत. बापाचा वकील बोट ठेवतो ते याच शब्दांवर.

परंतु गॅरेजात मिळणारी रोजी म्हणजे निर्वाहाचे सामर्थ्य नव्हे. शिवाय १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. तो बौद्धांनाही लागू होतो. त्याच्या कलम २० नुसार मूल अज्ञान असेतो त्याचा निर्वाह आईबापांवर बंधनकारक आहे. तेथेही शाळेचा दाखला कोणी मागितलेला नाही. म्हणजे शाळा सुटली एवढ्याने बाप सुटत नाही.

येथवर कायदा आपल्या बाजूचा दिसतो. पण थोडे पुढे पाहावे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बापाला मुलगा पहिली पदवी घेईपर्यंत खर्च देण्यास सांगितले. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र त्याचा लाभ कॉलेजपर्यंत पोचलेल्या मुलाला. शाळाच सुटलेल्या मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते, आणि त्याआधीही त्याची मजुरी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी केली जाते.

तो मजुरीला का गेला, हे कोणी विचारत नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. चौदा वर्षांवरील मुलाला धोक्याचे न मानलेले काम करण्यास २०१६ ची बालकामगार कायद्यातील दुरुस्ती मुभा देते. चौदाव्या वर्षी राज्य हात काढून घेते. नेमक्या त्याच वयात पोटगी थकते, फी थकते आणि पोर गॅरेजात जाते. मग बाप म्हणतो, पोरगा कमावता झाला!

बाईला मी सांगितले, पोटगीचा हक्क पोराचा आहे, सोडू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागा. पण आपण कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी येथे थांबून चालणार नाही. पट्टीवरून नाव कमी झालेला मुलगा दिसला, की त्याच्या आईची पोटगी किती महिने थकली आहे हेही विचारले पाहिजे.