ऑटोमॅटिक कारचा टर्बो उशिरा उठतो? दोष टर्बोचा की गिअरबॉक्सचा, मोबाईलवर असं ओळखा

आलापल्लीच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकला ओव्हरटेक करायला मी ॲक्सिलरेटर दाबला, पण माझी डिझेल ऑटोमॅटिक दोन-तीन सेकंद नुसतीच गुरगुरली. समोरून एसटी येत होती, म्हणून मुकाट्याने मागे राहिलो. गॅरेजवाला म्हणाला, "टर्बो गेला, बदला." खर्च मोठा, आणि अहेरीहून चंद्रपूर शंभरावर किलोमीटर. म्हणून आधी स्वतः तपासलं.

गोंधळ कुठे होतो?

टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो. कमी आरपीएमला गॅस कमी असतो, म्हणून हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, हळू वाढतो. ऑटोमॅटिकमध्ये खालचा गिअर पडायलाही वेळ लागतो. सीटवर बसून हे दोन्ही उशीर सारखेच वाटतात.

काय लागेल?

ब्लूटूथ ओबीडी-2 ॲडाप्टर आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप. ॲडाप्टर स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावा. आकडे ब्लूटूथवरून येतात, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं. आयफोन असेल तर ॲडाप्टर त्याला चालतो का, हे घेण्याआधी बघा.

तपासणी

1. इंजिन बंद, इग्निशन चालू. ॲपमध्ये 'इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर' बघा. अहेरीत ते 100 किलोपास्कलच्या आसपास हवं. महाबळेश्वरच्या उंचीवर तेच 86 च्या जवळ दिसेल. आकडा फारच वेगळा असेल तर आधी सेन्सरवर संशय घ्या.

2. एरर कोड वाचा. P0299 म्हणजे बूस्ट कमी पडतोय. पण कोड कारण सांगत नाही. लगेच टर्बो बदलू नका.

3. मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर धरा आणि 1500 आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या, तुमची नजर रस्त्यावर. नंतर हेच 'डी' मध्ये करा. दोन्ही वेळा आरपीएम आणि प्रेशर रेकॉर्ड करा.

ग्राफ कसा वाचायचा?

- तिसऱ्यात दाब झटकन चढतो, पण 'डी' मध्ये आरपीएमच उशिरा उडी मारतो: उशीर गिअरबॉक्सचा. स्पोर्ट मोड वापरून बघा, गिअर ऑइल तपासून घ्या.
- तिसऱ्यातही आरपीएम वाढतो, पण दाब मागे रेंगाळतो: हवेच्या वाटेत दोष. एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप, व्हॅक्यूमची नळी, ईजीआर व्हॉल्व्ह या क्रमाने बघा. टर्बो सगळ्यात शेवटी.

माझ्या गाडीत दुसरा प्रकार निघाला. फिल्टर धुळीने भरला होता, पण तो बदलूनही फरक किरकोळ पडला. खरा दोष इंटरकूलरच्या रबरी पाइपमध्ये होता: क्लॅम्पखाली बारीक चीर, भोवती तेलकट डाग. पाइप बदलला, ग्राफ सरळ चढला. टर्बो जुनाच आहे.

मात्र निळा धूर, धातू घासल्याचा आवाज किंवा इंजिन ऑइल कमी होत असेल, तर ही चाचणी करू नका. गाडी थेट वर्कशॉपला न्या. आणि दोष सापडेपर्यंत ओव्हरटेकचा मोह टाळा.