फ्लॅशच्या पोटातला फ्लॅश

'फ्लॅश मेमरी' हे नाव कुठून आले, असे वर्गात कुणी विचारले तर त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश दाखवावा. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी नव्या प्रकारची स्मृती तयार केली आणि १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. तिच्यातली माहिती एका झटक्यात पुसता येत असे. ते पाहून त्यांच्या सहकाऱ्याला फ्लॅशचा लखलखाट आठवला आणि स्मृतीला नाव मिळाले. पुढे अशीच पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती फ्लॅशच्याच पोटात जाऊन बसली.

फ्लॅशचे मूळ काम तसे सोपे. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात ते पक्के केले. धारित्र सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित करायचे. मग काही हजार व्होल्टचा क्षणिक धक्का देऊन नळीतल्या झेनॉन वायूचे आयनीभवन करायचे. साठलेली ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास प्रकाश होऊन बाहेर पडते. कॅमेऱ्याने फक्त 'आता!' म्हणायचे.

१९७५ मध्ये ऑलिंपसच्या ओएम-२ कॅमेऱ्याने फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजून फ्लॅश थांबवायला सुरुवात केली. कॅमेरा आणि फ्लॅश यांचे संभाषण वाढले. पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, आणि बहुधा गुप्त! जर्मनीतील मेट्झ कंपनी (स्थापना १९३८) अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी फ्लॅश बनवत असे. तिने दुभाषे ठेवले. फ्लॅश तोच, कॅमेऱ्यानुसार खालचा जोडतुकडा वेगळा. नंतर दुभाष्याचे हे ज्ञान फ्लॅशमधल्या स्मृतीत लिहिलेल्या आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये गेले. मेट्झच्या ५८ एएफ-१ या फ्लॅशला यूएसबीची खाच होती. नवा कॅमेरा आला की कंपनीची फाइल संगणकावर घ्यायची आणि तारेने फ्लॅशमध्ये उतरवायची.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी तिचा टीव्हीचा आणि फ्लॅशचा व्यवसाय वेगवेगळ्या हातांत गेला. अशा वेळी फरक कळतो. जोडतुकडा आपल्या कपाटात असतो, फर्मवेअरची फाइल मात्र उत्पादकाच्या संगणकावर. उत्पादक गेला की फाइल शोधत फिरावे लागते. तीही त्याच मॉडेलची आणि त्याच कॅमेरा-कंपनीसाठीची. शिवाय ती उतरवताना फ्लॅशच्या बॅटऱ्या ताज्या हव्यात आणि तार मध्येच निघता कामा नये, नाहीतर आज्ञावली अर्धवट लिहिली जाते. आणि ज्या कॅमेऱ्यासाठी फाइल कधी लिहिलीच गेली नाही, त्याच्याशी तो फ्लॅश पूर्ण संवाद साधेलच असे नाही. झेनॉनची नळी मात्र ठणठणीत असते. प्रकाशाची मात्रा हाताने ठरवली, तर 'आता!' एवढी एकच आज्ञा तिला पुरते.

जुना फ्लॅश विद्यार्थ्यांना जरूर दाखवा, पण उघडू नका. बंद केल्यावरही धारित्रात धोकादायक भार राहतो. आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाला जोडायच्या प्रत्येक उपकरणापुढे आणखी एक रकाना आखा : याची फाइल कुठे ठेवली आहे?