सिंगरची पाचशे पिस्तुले

सिंगर म्हटले की आपल्याकडे शिलाई मशीन डोळ्यांपुढे येते. याच कंपनीने न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ येथील कारखान्यात अमेरिकी सैन्यासाठी .४५ कॅलिबरची अर्धस्वयंचलित पिस्तुले केली होती. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरून आलेला 'एम१९११ए१' हा त्यांचा नमुना. या नमुन्याची लाखो पिस्तुले निघाली. सिंगरची मात्र ५००च. संग्राहकांत एक कथा चालते, की कंपनीला काम जमेना, म्हणून सैन्याने ते काढून घेतले. ही कथा पुराव्यांना लावून पाहिली पाहिजे.

सुरुवात १९३८च्या कायद्यापासून करू. युद्ध आलेच तर साध्या कारखान्यांना शस्त्रे करता यावीत, यासाठी त्यांना आधीच छोट्या 'एज्युकेशनल ऑर्डर' देण्याची तरतूद अमेरिकी काँग्रेसने केली. कारखान्याने ठरलेला माल द्यायचा. पण खरा हेतू यंत्रे, साचे आणि मोजमापाची साधने कशी जुळवायची हे शिकून घेण्याचा.

त्यानंतर येते सिंगरला मिळालेली १७ एप्रिल १९४०ची अशीच ऑर्डर, क्रमांक डब्ल्यू-ओआरडी-३९६. तिच्यात मागितलेली संख्या ५००. कथेचा पाया इथेच ढासळतो. काम मध्येच थांबले नाही. जेवढे मागितले तेवढे झाले.

तिसरा साक्षीदार म्हणजे पिस्तूलच. क्रमांक एस८००००१ ते एस८००५००. डाव्या बाजूला 'जेकेसी' ही अक्षरे. ती कर्नल जॉन के. क्लेमंट यांची, सैन्याने माल स्वीकारल्याची खूण. युद्धकाळातल्या पुढच्या पिस्तुलांना करड्या फॉस्फेटचा मंद थर असे. सिंगरच्या पिस्तुलांना घोटून आणलेली निळसर झळाळी आहे. यावरून कारागिरी उत्तम होती एवढे निश्चित म्हणता येते. उत्पादनाचा वेग पुरेसा होता की नाही, हे झळाळीवरून ठरत नाही. तो निष्कर्ष कुणी काढू नये.

पुढच्या घटना मात्र बोलक्या आहेत. पिस्तुलांची यंत्रसामग्री टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडकडे गेली आणि त्यांनी पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुले काढली. सिंगरकडे विमानवेधी तोफांचा नेम गणिताने ठरवणारे 'एम५ डायरेक्टर' हे यंत्र आले. असंख्य बारीक, अचूक भागांचे ते काम पिस्तुलाहून कितीतरी अवघड. नापास कारखान्याला सैन्य असे काम देईल, हे मला पटत नाही. अर्थात हे अनुमान आहे, पण भक्कम अनुमान.

ही पिस्तुले कुठे गेली? बरीचशी हवाई दलाच्या वैमानिकांकडे, असे संग्राहक परंपरेने सांगतात. हे संभाव्य आहे. तरी एखाद्या ठरावीक पिस्तुलाबाबत त्याचा स्वतःचा कागद असल्याशिवाय तसे लिहू नये.

खरी गुंतागुंत पुढे आहे. या नमुन्याचे सुटे भाग एकमेकांत बसलेच पाहिजेत, ही सैन्याची अटच होती. दुरुस्तीच्या कार्यशाळेत एका कंपनीची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, दुसरीच्या फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, सहज चढे, आणि रणांगणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण सिंगरचे नाव स्लाइडवर आहे आणि क्रमांक फ्रेमवर. त्यामुळे नुसते नाव पाहून पिस्तूल अख्खे सिंगरचे ठरत नाही, नुसत्या क्रमांकावरूनही नाही. दोन्ही मूळचे, एकत्र आणि पुन्हा न घोटलेले असतील तरच ते अस्सल. नंतर दिलेली झळाळी क्वचित मूळच्याहून देखणी दिसते, पण तिने किंमत कोसळते. शिवाय अस्सल सिंगरला मोठी किंमत मिळते, म्हणून नकलाही येतातच. साध्या फ्रेमवर क्रमांक कोरणे आणि स्लाइडवर नाव उठवणे हे दोन्ही प्रकार होतात.

२०१७ साली अमेरिकेत एका लिलावात एक अस्सल सिंगर चार लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्याच काळातले, तेच काम करणारे रेमिंग्टन रँडचे पिस्तूल काही हजार डॉलरांत मिळत होते.